वडीगोद्रीकरांनो, आज रात्रीच तो कॉम्प्युटर साफ करा

झेरॉक्सच्या एका दुकानात मी उभा होतो. एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, सगळं स्कॅन करून तिनं त्यात ठेवलं होतं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत त्याच रात्री बाराला संपत होती. दुकानातल्या पोरानं पेनड्राइव्ह लावला. आत काहीच नाही. नुसतं एक शॉर्टकटचं चिन्ह, कोपऱ्यात वाकडा बाण असलेलं. मुलीचा चेहरा उतरला. पोरगा म्हणाला, "व्हायरस आहे ताई. सगळ्यांचंच असं होतंय. आमच्या कॉम्प्युटरलाही आहे. पण चालतंय."

चालतंय. या एका शब्दासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

त्या पोरावर माझा राग नाही. तो सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीत बसून राबतो. पण "चालतंय" हाच या रोगाचा आधार आहे. कॉम्प्युटर बंद पडला असता तर आपण त्याच दिवशी धावपळ केली असती. तो चालू राहतो, म्हणून आपण सोडून देतो. आत बसलेल्या चोराला नेमकं तेच हवं असतं. तुम्ही रोजच्यासारखं काम करावं, पासवर्ड टाकावेत, आधार क्रमांक टाकावेत, यातच त्याचा फायदा आहे.

तुम्ही कापूस लावणारी माणसं आहात. गुलाबी बोंडअळी तुम्हाला समजावून सांगायला नको. बोंड बाहेरून हिरवंगार, टच्च. फोडलं की आत कवडी. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यानं ते भोगलं. तेव्हापासून कृषी खातं दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं, की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका. कारण एकाच्या शेतात राहिलेली अळी साऱ्या शिवाराला लागते. "चालतंय" म्हणून सोडून दिलेला कॉम्प्युटर ही आपल्या गावातली उभी पऱ्हाटी आहे. ती उपटा. या हंगामात उपटा. आज रात्री उपटा.

वडीगोद्री हे वाटेवरचं गाव. धुळे-सोलापूर महामार्ग इथून जातो, जालना-अंबडचा रस्ता इथं येऊन मिळतो. आसपासच्या खेड्यांतली माणसं कामाला इथंच उतरतात. पीक विमा, सातबारा, अतिवृष्टीच्या अनुदानाची ई-केवायसी, रेल्वेचं तिकीट, पोरांचे फॉर्म. एका दुकानातलं एक मशीन दिवसाकाठी किती घरांची कागदं हाताळतं, ते एकदा मोजून बघा. एकाचा पेनड्राइव्ह दुसऱ्या दुकानात, तिथून शाळेत, शाळेतून घरी. आज इथं लागलेला किडा संध्याकाळपर्यंत अंबडला पोचलेला असतो.

आत बसून तो करतो काय? कुणी तुमची एकेक कळ टिपून ठेवतो. तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकला, की तो परक्या माणसाकडे गेला. कुणी ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड एका दमात उचलतो. कुणी तुमच्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतो. जातात ते पैसे कुणाचे? उसाच्या बिलाचे. मोसंबीच्या बागेचे. लेकीच्या लग्नासाठी आईनं एकेक हजार करून साठवलेले. आणि जातात ते फोटो, ज्यात आता हयात नसलेले आजोबा हसताना दिसतात. पैसे एखाद्या वेळी परत मिळतात. तो फोटो मिळत नाही.

म्हणून आज दुकानाचं शटर ओढायच्या आधी, किंवा घरी जेवण झाल्यावर, मशीनसमोर पाच मिनिटं बसा आणि नीट बघा. काही काम चालू नसताना पंखा घोंघावतो का? ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं का? उजव्या कोपऱ्यात जाहिराती उड्या मारतात का? अँटिव्हायरस आपोआप बंद पडलेला दिसतो का? पेनड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात का? यातलं एक जरी "हो" असेल, तर उद्यावर ढकलू नका.

"आपल्या खेड्यात कोण येतंय चोरी करायला" असं मनात आणू नका. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९०६ साली सुरू झालेली ही बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी तिच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवलं. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला वळती झाली. एकूण ९४ कोटींच्या वर. एकाही चोराला तिजोरी फोडावी लागली नाही. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१७ मध्ये, असंच एक मालवेअर जगभर पसरलं आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्या बंदराला कुणी मुद्दाम हेरलं नव्हतं. ज्या जाळ्यात तो किडा पसरला, त्यात त्याचाही कॉम्प्युटर जोडलेला होता, एवढंच.

बँकेकडे माणसं आहेत, वकील आहेत. तुमच्या घरात तुम्हीच आहात. आणि तुम्ही पुरेसे आहात.

"आम्हाला कुठं जमतंय," असं म्हणू नका. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले. आलेल्या कित्येक मशिनांत व्हायरस. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्यानं ते काढायचं साधन स्वतः लिहिलं. नव्वदच्या दशकातल्या त्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानातूनच पुढे क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. गिऱ्हाइकाला "चालतंय" म्हणून ते परत पाठवत राहिले असते, तर हे झालं नसतं. तुम्हाला कंपनी काढायची नाही. तुम्हाला फक्त तुमच्या टेबलावरचं एक मशीन साफ करायचं आहे.

तर मग बसा. घाई करू नका, पण थांबूही नका.

सगळ्यात आधी इंटरनेट तोडा. वायर काढा. वायफाय बंद करा. मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करा. चोराचा बाहेरचा रस्ता बंद झाला, की अर्धी लढाई तिथंच थांबते. त्या मशीनवर आता बँक उघडू नका, यूपीआय उघडू नका, मेल उघडू नका.

मग मोलाचं ते वाचवा. फोटो, कागदपत्रं, दुकानाचा हिशेब एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. फक्त फोटो, पीडीएफ, वर्ड, एक्सेल आणि हिशेबाचा डेटा. सेटअपच्या फाइली घेऊ नका. त्या पेनड्राइव्हवर "तपासायचा" अशी चिठ्ठी चिकटवा आणि तपासल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावू नका.

आता मशीन सेफ मोडमध्ये घ्या. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट, आणि मग ४ चा आकडा. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टी घेऊन उठतं. बहुतेक किडे तेव्हा झोपलेले असतात. झोपलेल्याला उचलणं सोपं.

पहिलं, कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या सुमाराला जे आलं आणि तुम्ही आणलेलं नाही, ते काढा. दुसरं, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. संशयित नावावर उजवं क्लिक करून ती फाइल कुठं ठेवली आहे ते बघा. विंडोजची स्वतःची बहुतेक कामकरी मंडळी विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये राहतात. तेच नाव धारण करून कुणी टेम्प किंवा ॲपडेटा फोल्डरमध्ये लपलेला असेल, तर तो बहुरूपी आहे. नावातली अक्षरं नीट वाचा. एखादं अक्षर मागेपुढे केलेलं असतं.

तिसरं, स्टार्टअपची यादी बघा. मशीन सुरू होताच आपोआप उठणारे सगळे तिथं असतात. अनोळखी असेल त्याला डिसेबल करा. मग टास्क शेड्यूलर उघडा. सेफ मोडमध्ये तो उघडला नाही, तर नेट जोडायच्या आधी मशीन नेहमीसारखं सुरू करून उघडा. इथं बरेच जण चुकतात. रान खुरपताना हराळीचं पान तोडलं आणि काशी जमिनीत राहिली, तर आठ दिवसांत परत हिरवं. तसंच हे. फाइल तुम्ही पुसता, पण "दर तासाला हिला परत आण" असा हुकूम शेड्यूलरमध्ये राहिलेला असतो. तो हुकूम पुसा. चौथं, टेम्प फोल्डर रिकामा करा. पाचवं, ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा, नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या भलत्या साइट काढा, पासवर्ड साठवलेले असतील तर पुसा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. विंडोजच्या सेटिंग्ज जिथं साठवलेल्या असतात त्या रजिस्ट्रीमध्ये खात्री नसताना हात घालू नका. घालायचाच असेल तर आधी तिची प्रत काढून ठेवा. ओळखीची नाही म्हणून प्रत्येक फाइल पुसू नका. शंका आली तर नाव कागदावर लिहा, फोनवर शोधा, जाणत्याला विचारा. घाईत चुकीची रग कापणारा डॉक्टर कुणालाच नको असतो.

हे झालं की मशीन नेहमीसारखं सुरू करा, नेट जोडा आणि विंडोज अपडेट करा. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन फुल स्कॅन लावा. ते झालं की तिथंच असलेल्या डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन बंद होऊन परत उठेल आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत तपासणी होईल. मशिनाला स्कॅनला लावून तुम्ही झोपू शकता. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं आहे. तिथून किडे काढायची साधनं फुकट मिळतात. ती घ्या. ते केंद्र तुमच्याच करातून उभं राहिलं आहे.

आता त्या मुलीच्या पेनड्राइव्हकडे या. तिच्या फाइली गेल्या नव्हत्या. लपवल्या होत्या. आम्ही फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवायला सांगितलं, आणि सिस्टिमच्या फाइली झाकून ठेवणारी खूणही काढली. गुणपत्रिका, दाखले, सगळं फिकट रंगात समोर आलं. त्या शॉर्टकटला आम्ही बोटही लावलं नाही. फोल्डर उघडण्यासाठी म्हणून त्याच्यावर केलेलं डबल क्लिक हेच त्याचं पेरणं. कागदपत्रं एका साफ लॅपटॉपवर आधी तपासून घेतली, पेनड्राइव्ह पुसला, फॉर्म भरला. मुलगी घरी गेली तेव्हा पावणेबारा झाले होते. पंधरा मिनिटांनी तिचं वर्ष गेलं असतं.

तुमच्याही हातात असाच पेनड्राइव्ह येईल. तो लगेच उघडू नका. आधी त्यावर उजवं क्लिक करून स्कॅन करा. फाइलींची शेपटं दिसतील अशी सेटिंग आजच करून ठेवा. "लग्नाचा फोटो" असं नाव आणि शेवटी ईएक्सई दिसलं, तर तो फोटो नाही. हात मागे घ्या.

आता खरं ते सांगतो, कारण तुम्हाला खोटा धीर देणं पाप आहे. हातानं साफ करण्याला मर्यादा आहे. सगळं करूनही लक्षणं परत आली, किंवा ज्या मशीनवर लोकांचे बँकेचे व्यवहार होतात त्यात पासवर्ड चोरणारं काही सापडलं, तर कागदपत्रं वाचवून फॉरमॅट मारा आणि अस्सल विंडोज नव्यानं टाका. फाइलींना कुलूप लागून खंडणीची चिठ्ठी आली असेल, तर पैसे देऊ नका. दिले तरी फाइली मिळतीलच असं नाही. काही कुलपांच्या किल्ल्या "नो मोअर रॅन्सम" या २०१६ साली युरोपातल्या पोलिसांनी सुरू केलेल्या उपक्रमात फुकट मिळतात. आधी तिथं बघा.

आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर काहीही पुसू नका. मशीन आहे तसं ठेवा, पडद्याचा मोबाइलनं फोटो काढा आणि त्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. शरम बाळगू नका. "उद्या बँकेत जाऊन बघू" म्हणू नका. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतो. तो वाटेतच अडवायचा असेल तर एकेक मिनिट मोलाचं आहे. लगेच बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, बाहेरच्या कुणी घुसखोरी केली, असं असेल आणि तुम्ही बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तो भार तुमच्यावर पडत नाही. उशीर झाला की हक्क आटत जातो.

साफ झालं की पासवर्ड बदला. पण त्या मशीनवरून नाही. दुसऱ्या, खात्रीच्या मोबाइलवरून बदला. आधी मेलचा, मग बँकेचा, मग पोर्टलच्या लॉगिनचा. सेवा केंद्र चालवणाऱ्या दादांनो, ताईंनो, तुमच्या एका लॉगिनमागे गावोगावची माणसं उभी आहेत. कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला तो पासवर्ड आज फाडून टाका.

आता दार लावा, नाहीतर घर झाडून उपयोग नाही. हा किडा बहुतेक वेळा आपल्याच हातानं आत येतो. फुकटात मिळालेल्या क्रॅकमधून, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरमधून, येतो. त्या क्रॅकसोबत "अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना असते, आणि आपण स्वतः राखणदाराला झोपवतो. मराठी टायपिंगसाठी क्रॅक कशाला? युनिकोड विंडोजमध्येच आहे. "कंपनीतून बोलतोय, मशीन दुरुस्त करून देतो" म्हणणाऱ्याला एनीडेस्कचा, म्हणजे दुरून मशीन चालवू देणाऱ्या ॲपचा, आकडा देऊ नका. आणि मोबाइलवर आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल उघडू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, हिंगोलीत, एका सरकारी कर्मचाऱ्यानं व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली. ती पत्रिका नव्हती. खात्यातून जवळपास एक लाख नव्वद हजार रुपये गेले. पत्रिका आली की उघडायची, ही आपली रीत आहे. चोरानं आपल्या रीतीवरच घाव घातला.

अपडेट करा. पुन्हा सांगतो, अपडेट करा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या किड्यानं ब्रिटनमधल्या इस्पितळांचे कॉम्प्युटर बंद पाडले, रुग्णांना दारातून परत पाठवावं लागलं. तो विंडोजमधल्या ज्या छिद्रातून शिरला, त्याला ठिगळ मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं ते वाचले. आपल्याकडे कित्येक दुकानांत अजून विंडोज ७ आहे. त्याची ठिगळं जानेवारी २०२० मध्येच थांबली. विंडोज १० ची नेहमीची ठिगळं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. जमेल तिथं नवं विंडोज घ्या. ते जमेपर्यंत निदान जुन्या मशीनवर बँकेचं काम करू नका.

आणि प्रत घ्या. दर महिन्याला एकदा, घरातले फोटो आणि कागदपत्रं एका वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क मशीनपासून काढून कपाटात ठेवा. बियाण्याची पिशवी तुम्ही सगळीच्या सगळी पेरत नाही. थोडी बाजूला ठेवता. तसंच हे.

मला ठाऊक आहे, तुम्ही दिवसभर थकलेले असता. हेही ठाऊक आहे, की शेजाऱ्याच्या गोठ्याला आग लागली तर तुम्ही चप्पल न घालता धावता. ही आग दिसत नाही, एवढाच फरक आहे. कॉलेजातल्या पोरांनो, तुमच्यातल्या प्रत्येकानं गल्लीतली पाच मशिनं तपासा. शिक्षकांनो, शाळेच्या लॅबपासून सुरुवात करा. दुकानदार भावांनो, "आमच्या इथं पेनड्राइव्ह तपासूनच लावला जातो" अशी पाटी लिहा. गिऱ्हाईक तुटणार नाही, वाढेल. आणि मावशी, तुम्ही फॉर्म भरायला जाल तेव्हा नुसतं विचारा, "दादा, मशीन साफ आहे ना?" तुमच्या या एका प्रश्नात फार ताकद आहे.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायला येईल. तिच्या मागे तिची धाकटी बहीण येईल. त्या आपल्याच लेकी आहेत. त्यांची कागदं आपल्या मशीनमध्ये सुरक्षित असायला हवीत. तेव्हा आज शटर ओढायच्या आधी, दिवा मालवायच्या आधी, खाली वाका आणि कॉम्प्युटरच्या मागची ती इंटरनेटची वायर काढा. काम तिथून सुरू होतं. बाकीचं एका रात्रीचं आहे.